हळदीच्या आडतीवर, गुरुवारी

वसमतला, मोंढ्यात, बंद पडलेल्या एका आडतीवर
जी खोली आहे, तिथे दर गुरुवारी साडेसहाला
आम्ही सात-आठ जण कॉम्प्युटर शिकतो.
शिकतो म्हणजे, ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला सांगतो,
आणि ज्याला काहीच येत नाही तो चहा सांगतो.

खाली वीस वर्षं हळद भरलेली होती.
ती गेली, तिची धूळ गेली नाही.
कीबोर्ड उलटा करून थोपटला
की आधी बिस्किटाचा चुरा पडतो, मग पिवळं.
स्पेसबार तर लग्नघरातून आणल्यासारखा.
फॅन घरघरला की मुंजाजी झाकण काढून
दाढीच्या जुन्या ब्रशनं आतली जाळी झाडतो,
"आधी पिन काढा, मंग हात घाला,"
हे तीनदा बजावून.

माझ्याकडे पासवर्ड.
एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला होते.
हैदराबादचा ट्रंक कॉल जोडून द्यायचा
आणि कानावर पडलेलं
पडलंच नाही असं समजायचं.
अर्ध्या तालुक्याची मोडलेली लग्नं मला आधी कळली,
एकही माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही.
म्हणून मला विचारतात. मी सांगते:
नातवाचं नाव नको. गाडीचा नंबर नको.
एकदोनतीनचार तर नकोच नको.
एकमेकांना न ओळखणारे चार शब्द घ्या
आणि एका काळीपिवळीत कोंबा.

"और बीवी का नाम?" खाजामियांनी विचारलं होतं.
वीज मंडळातले लाईनमन, आता रिटायर.
तेही नको, मी म्हणाले.
"वो तो गुजर गई ना बाई. किसको मालूम होगा?"
मला उत्तर सुचलं नाही.
बदला म्हणायचं दर गुरुवारी राहून जातं.

मागच्या खेपेला मुंजाजीचा फोन वाजला.
स्पीकरवर घे, आम्ही खुणावलं.
"आपका बिजली बिल अपडेट नहीं है.
आज रात साढ़े नौ बजे कनेक्शन कट जाएगा.
एक ॲप भेजा है, डाउनलोड कीजिए."
मुंजाजीचा अंगठा हवेत,
आणि तेवढ्यात खरंच लाईट गेली.
फॅन थांबला, पडदे विझले, खाली कुणीतरी शिवी हासडली.
खाजामियांनी अंधारात हात लांबवून फोन घेतला:
"अरे बेटा, साडेनौ तक कायको रुकते?
लाईट तो अभीच गई.
तू कौनसे डीपी पे चढके बैठा है?"
पलीकडे श्वास. मग टूं टूं टूं.

आम्ही बाक हलेपर्यंत हसलो.
हसणं ओसरलं तसा कोपऱ्यातून आवाज आला,
"म्या केलं व्हतं डाऊनलोड."
सत्यभामाबाई. अंगणवाडीच्या मदतनीस.
"पोळ्याच्या आदल्या दिवशी. साडेअकरा हजार.
घरी नाही सांगितलं.
पोरगा म्हनंल, आडानी ती आडानीच.
म्हनून तर येऊ लाले इथं."

कुणी अरेरे म्हटलं नाही.
जुन्या सवयीनं माझ्या ओठांवर आलं होतं,
तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?
पण मी नुसती लाईन धरून बसले.
ती बोलत राहिली. मधे मधे थांबत.

मग मुंजाजीनं मोबाइलचा टॉर्च फळ्यावर मारला
आणि खडूनं मोठ्ठं लिहिलं: १९३०.
खाली लिहिलं: पैसे गेले की लगेच हा नंबर.
थोडं थांबून: लाज मागून.
सत्यभामाबाईंनी ते उतरवून घेतलं
बाळांच्या वजनाच्या वहीत, शेवटच्या पानावर.

पावणेआठला लाईट आली.
चारही कॉम्प्युटर मागेपुढे जागे झाले
आणि जागे होताच पासवर्ड मागू लागले.
खाजामियांनी पाठ आमच्याकडे केली,
एका बोटानं, सावकाश,
एकेक अक्षर दाबलं.
सहा की सात ठिपके उमटले असतील.
मी खिडकीबाहेर बघत होते.